तीन तास

उंदरांवर माझा जीव वगैरे कधी नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पीएचडीच्या चार वर्षांत माझ्या लेखी ते फक्त क्रमांक होते. प्रश्न सरळ होता. जन्मल्यापासून दोन आठवडे पिल्लांना रोज तीन तास आईपासून तोडलं, तर मोठेपणी त्यांच्या मेंदूतल्या पेशींचं काय होतं आणि ती किती भित्री होतात? कुठलं पिल्लू तोडलेलं हे मला कळता कामा नये, नाहीतर मोजताना मन झुकतं. म्हणून ते काम प्राणिगृहातल्या सोनबांकडे होतं आणि सकाळी त्या खोलीत जायची मला बंदी होती. सोनबा मांजरी गावाहून सायकलवर यायचे. कंत्राटी नोकरी, पण अकरा वर्षांत त्यांचा एक खाडा नव्हता.

निकाल आला तो विचित्रच. तोडलेल्या आणि न तोडलेल्या पिल्लांत तसूभर फरक नाही. पेशींच्या फांद्या सारख्याच दाट, भीतीही सारखीच. आमचे मार्गदर्शक दिगंबर सर म्हणाले, पुण्यातले उंदीरही कोणाचं ऐकून घेत नाहीत. मनातून मात्र ते खूश होते, कारण असं कोणाला सापडलं नव्हतं. महिन्याभरात प्रबंध द्यायचं ठरलं.

प्रयोग संपला तशी माझी बंदीही संपली. एका सकाळी सोनबांची नोंदवही आणायला गेले. पीएचडीत माझ्याहून एक वर्ष मागे असलेल्या हेमाच्या प्रयोगातली पिल्लं तेव्हा चालू होती. सोनबा ती आईजवळ परत ठेवत होते. वहीत ‘नऊ ते बारा’ आधीच लिहून झालं होतं.

“साडेनऊच वाजलेत, सोनबा.”

“तीन तास लई व्हत्यात, ताई. रडत्यात ती.”

मी सांगितलं, त्यांचं रडणं माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, त्याला यंत्र लागतं.

“तोंड उघडून ऱ्हात्यात की. ऐकू कशाला यायला पायजे?”

माझ्या पिल्लांचंही असंच केलं का, विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मला त्यांचा भयंकर राग आला. माझी चार वर्षं मातीत गेली होती, आणि ते त्या माणसाला ठाऊकही नव्हतं.

दोन दिवस मी गप्प बसले. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी ते लेखी मागितलं, नावासकट. मी नाव लिहिलं.

सोनबांची नोकरी गेली. किल्ल्या द्यायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “आता पिल्लं कोन उचलनार?”

“मीच. मोजणी हेमा करेल.”

“मग हात चोळून ऊन करून घ्या. गार हातानं लई दचकत्यात.”

पुढचं वर्षभर मी रोज हात चोळले, पिल्लं उचलली आणि घड्याळ लावून समोर बसले. त्यांची तोंडं उघडी असायची. एकदा दिसल्यावर ते न दिसल्यासारखं करता येत नाही. या वेळी निकाल जगाशी जुळला. पेशींच्या फांद्या विरळ झालेल्या, आणि मोठी झालेली ती जनावरं पिंजऱ्याचा कोपरा सोडत नव्हती. सरांनी पाठ थोपटली. आभारात सोनबांचं नाव घालू का विचारलं, तर म्हणाले, बरं दिसणार नाही.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच शंका काढली. पिल्लं खरोखर पूर्ण वेळ आईपासून लांब होती, याची खात्री काय?

“मी स्वतः समोर बसले होते,” मी म्हणाले. “पूर्ण तीन तास. रोज.”

ते समाधानाने हसले आणि त्यांनी सही केली.