चतुराबाईनं हात आपटला नाही

चतुराबाईनं पहिल्यांदा शटर वाजवलं ते लाटण्यानं. चपात्या अर्ध्यावर टाकून ती दोन जिने उतरून आली होती, हाताचं पीठही झटकलं नव्हतं. आतल्या चौदा पोरी जागच्या जागी थांबल्या.

"काय धिंगाणा लावलाय गं ह्यो? वर माझं लेकरू डॉक्टर व्हायला बसलंय आन् खाली तुम्ही धपाधपा पडायल्यात! घरी गाद्या न्हाईत का लोळायला?"

चतुराबाई उमरी तालुक्यातली. गावी नवरा हळद आणि सोयाबीन बघत होता, आणि ती ऋतुजाला घेऊन दोन वर्षांसाठी लातूरला येऊन राहिली होती. एक खोली, एक गॅस, एक कॉट आणि भिंतीला लागून पुस्तकांची चळत. त्या गल्लीत अशा बायाच बाया. घर-शेत मागं टाकायचं, पोराला ट्यूशनला धाडायचं आणि त्याच्या वेळेवर डबा करायचा, एवढंच त्यांचं दोन वर्षांचं काम. ज्या बाईच्या शब्दाशिवाय गावात जावा चूल पेटवत नव्हत्या, तिला लातुरात बोलायला भाजीवाला तेवढा उरला होता. तोही ऐकून घेईना.

ऋतुजा पहाटे साडेपाचला बाहेर पडायची ती चारला यायची आणि पाचला अभ्यासाला बसायची. बरोबर पाचलाच खाली क्लास सुरू व्हायचा. पूर्वी तिथं खताचं गोदाम होतं. आता दारावर पाटी होती, 'ब्राझिलियन जिउ-जित्सू, फक्त मुली व महिलांसाठी', आणि खाली चालवणारीचं नाव. चतुराबाई चौथी शिकलेली. तिनं बोट लावून एकेक अक्षर जोडलं, 'जिउ'पर्यंत आली आणि पाटीलाच शिवी देऊन मोकळी झाली.

क्लास चालवणारी प्रियदर्शनी सत्तावीस वर्षांची, मूळची नांदेडची. वडील नरसिंगराव जिल्हा परिषदेत कारकून होते. पोरगी हैदराबादला राहून ही गादीवरची कुस्ती शिकली होती. हॉलमध्ये एकच फोटो, बाबासाहेबांचा, त्याखाली निळ्या-करड्या रबरी गाद्या.

"काकू, आवाज कमी करायचा प्रयत्न करते," ती म्हणाली.

चतुराबाईनं आधी फोटो बघितला, मग तिला. "कुठली गं तू? आडनाव काय?"

"ज्यासाठी विचारताय ते तुम्हाला फोटोवरून कळलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "आडनाव पाटीवर आहे. वाचा."

चतुराबाईच्या तोंडात चार वाक्यं तयार होती. ती तिनं गिळली. माणुसकी आडवी आली असं काही नव्हतं, एव्हाना चौदा पोरींच्या हातात चौदा मोबाईल आले होते. पण पोटात गेलेली वाक्यं जिरली नाहीत, महिनाभर आंबत राहिली.

आठवड्यात तिनं तीनदा शटर वाजवलं. चौथ्यांदा घरमालक ईश्वरप्पांना ओढत आणलं. ईश्वरप्पा तोंडातला तोबरा सांभाळत म्हणाले, "तुम्ही दोघीच काय ते मिटवा बगा. न्हाई मिटलं तर खोली बी रिकामी आन् हॉल बी रिकामा. मला कटकट नको."

"मिटवते की," चतुराबाई म्हणाली. "शेषेराव पैलवानाची लेक हाय मी. माझ्या बापाची पाठ चार जिल्ह्यांत कुणी मातीला लावली न्हाई. आन् ह्या बघा, सोताहून पाठीवर पडायल्यात आन् म्हणायल्यात कुस्ती!"

"वडिलांचं झालं," प्रियदर्शनी म्हणाली. "तुम्ही स्वतः किती कुस्त्या केल्यात?"

पोरी फिसकन् हसल्या. चतुराबाईचं तोंड लाल झालं. तालमीत बायकांना पाऊल ठेवायची मुभा नव्हती. तिनं दारापर्यंत दुधाची चरवी पोचवली होती आणि खिडकीच्या गजांतून बघितलं होतं, तेवढीच तिची कुस्ती.

"तुझ्यासारख्या चार उचलून टाकीन!"

"टाका. महिनाभर शिका, मग माझ्याशी पाच मिनिटं खेळा. पाच मिनिटांत हार मानून गादीवर हात आपटला नाहीत, तर क्लास सकाळी सहाला घेईन. आपटलात, तर पुन्हा शटरला लाटणं लावायचं नाही."

सकाळी सहाला निम्म्या पोरींची ट्यूशन असते, क्लास अर्धा ओस पडेल, हे हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शिवांगी नावाची नर्सिंगची पोरगी पुटपुटलीसुद्धा, "ताई, कशाला?" पण शब्द गेला होता. दोघीही शब्दाच्या पक्क्या, आणि दोघींनाही दुसरीचा कडेलोट झालेला बघायचा होता.

ऋतुजानं कपाळाला हात लावला. "आई, तुझं वय काय? मी कानात कापूस घालते ना!"

"कापूस घालून कुणी डॉक्टर झालंय का? तू पुस्तकात बघ."

दुसऱ्या दिवशी चतुराबाई लेकीची ट्रॅकपँट घालून, वरून क्लासचा तो जाड पांढरा अंगरखा कमरेला पट्ट्यानं आवळून खाली उतरली. जिन्यात शेजारीण भेटली, तिच्याकडं तिनं असं बघितलं की शेजारणीनं आपलाच पदर सावरला.

पहिला आठवडा शुद्ध बेअब्रूचा गेला. पाठीवर पडून कंबर उचलायची आणि बाजूला सरकायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चतुराबाई तिसऱ्या झटक्याला तिथंच पडून राहायची आणि पोरी तिला वळसा घालून पुढं जायच्या. मग जोड्या लागायच्या. हात पिरगाळला, गळा आवळला, की ज्याचा जीव अडकलाय त्यानं गादीवर नाहीतर समोरच्याच्या अंगावर दोनदा हात आपटायचा. आपटला की लगेच सोडायचं. याला त्या टॅप म्हणत. चतुराबाईला त्यातलं काहीच पटेना. तिच्या बापाच्या आखाड्यात मांडीवर थाप पडायची ती आव्हानाची. इथं थाप मारायची ती हरल्याची!

ती थाप मारायचीच नाही. दात आवळून पडून राहायची, मग समोरचीलाच भीती वाटायची आणि ती सोडून द्यायची. चतुराबाई उठून अंगरखा झटकायची. "बघ, सुटले का न्हाई?"

"तुम्ही सुटल्या नाहीत काकू. मी सोडलं," शिवांगी म्हणायची. "तुमचा हात मोडला असता."

"मोडायचा होतास की मग. कामून न्हाई मोडलास?"

दुसरी खोड त्याहून वाईट होती. कुणीही पाडलं की ती गर्रकन पालथी व्हायची. गजांतून बघून बघून एकच गोष्ट हाडात मुरली होती, पाठ लागू द्यायची नाही. कुस्तीत पालथा पडलेला पैलवान घट्ट धरून पडला की खुशाल पडून राहतो, चीत होईतो कुणी त्याला हरवत नाही. इथं उलटं. पालथं झालं की मागून पोरगी पाठीवर बसायची, हात गळ्याखाली सारायची आणि चतुराबाईच्या डोळ्यांपुढं काजवे.

"काकू, पाठ देऊ नका!" प्रियदर्शनी रोज ओरडायची. "पाठीवर या. पाय मध्ये घाला. पाठ गादीला लागली तर काही मरत नाही माणूस!"

"तुमच्यात मरत नसंल."

प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, "आमच्यात म्हणजे?"

"क्लासवाल्यांत," चतुराबाई म्हणाली. पण उशिरा म्हणाली.

त्यानंतर प्रियदर्शनीनं तिला रोज स्वतःच्या जोडीला घेतलं. मायेनं नाही. दाबून, घुसळून, कधी छातीवर गुडघा रोवून. चतुराबाईच्या मनगटांवर निळे वण उठले, कोपर सुजलं, कणीक तिंबताना तोंडातून आपोआप शिव्या यायला लागल्या. पहिल्या दिवशी प्रियदर्शनीचा घाम अंगाला लागला म्हणून वर येऊन तिनं दोन बादल्या पाणी डोक्यावर घेतलं होतं. पंधराव्या दिवशी कुणाचा घाम कुणाला लागला हे बघायला तिला दम उरला नव्हता.

आणि सतराव्या दिवशी भलतंच घडलं. शिवांगी वर बसली होती, चतुराबाई थकून पाठीवरच होती, पालथं व्हायची ताकद नव्हती म्हणून. सवयीनं पाय शिवांगीच्या कमरेभोवती गेले, कंबर उचलली, बाजूला सरकली, आणि बावीस वर्षांची ती दांडगी पोरगी हळदीचं पोतं कलंडावं तशी कलंडली. चतुराबाई वर. शिवांगीचा हात तिच्या काखेत अडकलेला. तिनं जोर केला मात्र, दंडावर दोन थापा पडल्या. पट् पट्.

चतुराबाईनं सोडलं नाही. तिला कळलंच नाही की या थापा आपल्याला मारल्यात.

"सोडा की काकू!"

तिनं सोडलं. चेहरा तसाच कडू ठेवून म्हणाली, "उगं जास्त खात जा, हाडं लई कच्ची हायेत तुझी." पण जिना चढताना ती मध्येच थांबली आणि आपल्याच दंडावर आपलाच हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात ऋतुजा दार उघडून बाहेर आली, तर तिच्यावरच खेकसली, "अभ्यास सोडून दारात काय करायलीस?"

त्या दिवसापासून ती पाचच्या ऐवजी पावणेपाचला खाली जाऊ लागली. गाद्या ओल्या फडक्यानं पुसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुसू लागली आणि पुसताना पोरींना शिव्या देऊ लागली. पोरींना ती आवडत नव्हतीच, महिना संपल्यावर त्यांचा क्लास बुडवायला आलेली बाई कुणाला आवडेल? तिच्या शेजारी कुणी बसत नसे. चतुराबाईला त्याचं काही नव्हतं. सासरी पहिली दहा वर्षं तिच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

तिसाव्या दिवशी ईश्वरप्पा खुर्ची टाकून बसले. ऋतुजा पुस्तक हातात घेऊन दाराशी उभी राहिली. शिवांगीनं मोबाईलवर पाच मिनिटं लावली.

पहिलं मिनिट चतुराबाईनं नुसतं ढकलण्यात काढलं. दुसऱ्यात प्रियदर्शनीनं पायात पाय घालून तिला खाली घेतलं. चतुराबाई शिकल्यासारखी पाठीवर राहिली, पाय मध्ये घातले, ढकललं, सरकली. पोरींतल्या एकीच्या तोंडून "व्वा" गेलं आणि बाकीच्यांनी तिच्याकडं रागानं बघितलं. तीन मिनिटं झाली. प्रियदर्शनी पाय ओलांडून कडेला आली, छातीचा भार टाकला, आणि चतुराबाईला आपले दोन्ही खांदे गादीला टेकल्याचं कळलं. ईश्वरप्पा सहज बोलून गेले, "चीत झाली की हो पैलवानाची लेक!"

बस्स. महिन्याभराची सगळी शिकवणी त्या एका वाक्यानं पुसली. चतुराबाई गर्रकन पालथी झाली.

प्रियदर्शनी पाठीवर होती. हात गळ्याखाली गेला, कोपर हनुवटीखाली बसलं.

"हात आपटा काकू."

नाही.

"आपटा! कशाची लाज वाटतेय ते मला माहितेय. तरी आपटा!"

चतुराबाईचा उजवा हात मोकळा होता. गादीपासून वीतभर वर. तिला तो दिसत होता. शिवांगीपुढं आपटला असता का? कदाचित. हिच्यापुढं? तिनं मूठ आवळली. पोरींचा आवाज विहिरीतून यावा तसा आला, आणि मग आलाच नाही.

डोळे उघडले तेव्हा तिचे पाय शिवांगीनं वर धरले होते आणि ऋतुजा रडत होती. प्रियदर्शनी बाजूला गुडघ्यावर बसलेली, चेहरा पांढराफटक.

"किती झाली?" चतुराबाईनं विचारलं.

"पावणेचार मिनिटं," शिवांगी म्हणाली. "हरल्यात तुम्ही. बेशुद्ध पडला म्हणजे हरला."

"हात आपटला का मी?"

शिवांगीनं प्रियदर्शनीकडं बघितलं.

"ठरलं काय होतं? ए मॅडम, तू सांग. आपटला का?"

"नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग?"

"ताई, ही काय रीत झाली?" शिवांगी ओरडली.

"शब्द दिलाय मी." प्रियदर्शनी उठली. तिनं सुटलेला पट्टा आवळला. "सोमवारपासून सकाळी सहा. आणि काकू, तुम्ही यायचं नाही."

"मी कामून न्हाई?"

"जो हात आपटत नाही त्याला मी मॅटवर घेत नाही. आज मला कळलं म्हणून सोडलं. उद्या एखाद्या नवीन पोरीला कळलं नाही तर ती आयुष्यभर तुमचं मढं डोक्यावर घेऊन फिरेल. तुमची इज्जत तुमच्यापाशी ठेवा, माझ्या पोरींच्या गळ्यात घालू नका."

चतुराबाई उठली, दोनदा भिंत धरली, वर गेली.

सोमवारपासून संध्याकाळ शांत झाली. ऋतुजा पाचला बसायची ती नऊला उठायची. आई अशी का येरझाऱ्या घालते, भांडी का आपटते, हे तिनं दोनदा विचारलं आणि दोनदा बोलणी खाल्ली. आठवडाभरानं सकाळी सहाला चतुराबाई दूध आणायला म्हणून कापडी पिशवी घेऊन उतरली आणि हॉलच्या दारात उभी राहिली. आत चौदाच्या सात उरल्या होत्या. एकीनंही मान वळवली नाही.

प्रियदर्शनी दारापर्यंत आली. "यायचंय?"

चतुराबाईनं खांदे उडवले.

"त्या गादीच्या कडेला बसा. माझ्यापुढं दोनदा हात आपटा. मग या."

एवढंच. एवढंसंच होतं. चतुराबाईनं गादीकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, सात पोरींकडं बघितलं. पिशवीचा बंद बोटाला करकचून गुंडाळला. "माझा हात काय रस्त्यावर पडलाय?"

"मग राहू द्या," प्रियदर्शनी म्हणाली आणि वळली.

आत एक नवीन पोरगी आली होती, गावाकडची, सोळा-सतरा वर्षांची, बारकी. शिवांगीनं तिला अलगद खाली घेतलं आणि पोरगी घाबरून गर्रकन पालथी झाली.

"पाठ देऊ नको गं भवाने!" चतुराबाई दारातून गरजली. "पाठीवर ये! पाय घाल मधी! पाय!"

पोरगी दचकली, पाठीवर आली, पाय मध्ये घातला. शिवांगीचा हात जागच्या जागी अडकला.

"बाहेरच्यांनी बोलायचं नाही," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं शटर खर्रकन अर्ध्यावर ओढलं.

चतुराबाईनं रिकामी पिशवी पायरीवर ठेवली, गुडघे धरून वाकली आणि शटरखालून डोकं घालून ओरडली, "कंबर उचल! कंबर! जीव न्हाई का अंगात?"

आतून कुणीतरी शटर आणखी वीतभर खाली ओढलं. ती आणखी वीतभर वाकली.