घाटातली शेवटची गाडी

आप्पासो जगदाळ्यांना मोटारसायकलची भीती अशी कधी वाटली नव्हती. फौजेत ते ट्रकच्या ताफ्यात होते. एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला बर्फ, अशा रस्त्यांवर त्यांची अर्धी हयात गेली. भीती वाटायला लागली ती त्यांची पोरगी गाडीवर बसायला लागल्यापासून.

सृष्टी एकुलती एक. कराडला इंजिनिअर झाली, तिथंच कंपनीत लागली आणि स्कुटी विकून भली दांडगी मोटारसायकल घेऊन आली. गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा तिच्या आईनं, संयोगितानं, लेकीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुढं जानेवारीत आटपाडीला रायडर लोकांचा मेळावा ठरला. सातारा, सांगली, कोल्हापूर, पार सोलापूरकडनं गाड्या येणार होत्या. सृष्टीनं जायचं नाव काढलं तशी संयोगिता नवऱ्याला म्हणाली, "ती काय आता ऐकत न्हाई. तुमी संगं जावा."

म्हणून आप्पासो आपली जुनी गाडी पुसून, लेकीनं दिलेलं जॅकेट घालून निघाले. कराडच्या ग्रुपचा म्होरक्या राजवर्धन नावाचा पोरगा होता. वयानं लहान, पण शिस्तीचा. निघायच्या आधी त्यानं सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. एकामागं एक सरळ रेषेत चालायचं नाही, तिरपं, एक डावीकडं एक उजवीकडं असं चालायचं, म्हणजे ब्रेक मारायला जागा राहते. पुढच्याला ओलांडायचं नाही. खड्डा दिसला की पायानं खूण करायची. मग एक नारिंगी चमकणारं जाकीट आप्पासोंच्या हातात देत म्हणाला, "आप्पा, तुमी शेवटची गाडी. तुमच्या मागं आपलं कुणी नसणार. कुणी बंद पडलं तर तुमी थांबायचं. पन पुढं यायचं न्हाई."

जाताना सगळं नीट झालं. सृष्टी रांगेच्या मध्यावर होती आणि वळणावर तिचं लाल हेल्मेट दिसलं की आप्पासोंचा जीव थाऱ्यावर यायचा.

आटपाडीच्या माळावर मात्र वेगळंच चित्र होतं. शेकडो गाड्या. सायलेन्सर काढलेल्या गाड्यांचे बार उडत होते. एक पोरगा सीटवर उभा राहून दोन्ही हात सोडून चालला होता आणि बाकीचे मोबाईल धरून ओरडत होते. आप्पासोंनी लेकीचा दंड धरला.

"चल, निघू या."

"पप्पा, आत्ता तर आलोय. मी करतेय का तसलं काही?"

"तू न्हाई करत. पन रस्त्याला ही समदी तुझ्या आजूबाजूलाच असनार हायत."

ती हसली. जेवण झालं, फोटो झाले, आणि उन्हं कलायच्या आत कराडचा ग्रुप परत निघाला.

विटा सोडून कडेपूरला चहाला थांबले तिथं घोळ झाला. साताऱ्याकडं जाणारी कुठली तरी पोरं त्यांच्यात मिसळली. चहा पिऊन निघताना रांग राहिलीच नाही, जो तो मोकळी जागा बघून घुसायला लागला. राजवर्धन हात करकरून दमला. त्या रेट्यात लाल हेल्मेट पुढं गेलं. आप्पासोंनी मान उंचावून पाहिलं. एकदा दिसलं, मग नुसती धूळ. एक्सलेटर पिळावा आणि गाठावं तिला, असं त्यांच्या हाताला वाटत होतं. पण मागं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. शेजारी ग्रुपमधलाच, मूळचा आटपाडीकडचा अर्जुना म्हणून एक पोरगा चालला होता. घरची मेंढरं, आता कराडला नोकरी. तो सोडला तर सगळे पुढं.

सुर्ली घाटाचा उतार लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि तिसरं वळण घेतलं तर समोर गाड्याच गाड्या उभ्या. आप्पासोंनी आणि अर्जुनानं कसाबसा ब्रेक मारला. सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद होती. मघापासून कान किटवणारा तो सगळा आवाज एकदम थांबला होता.

"काय झालंय रं?" अर्जुनानं पुढच्याला विचारलं.

पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. बातमी तोंडातोंडानं वर यायला लागली. आधी आलं, कुणी तरी पडलंय. मग आलं, पोरगी हाय. मोबाईलला रेंज नव्हती. आप्पासोंनी गाडी स्टँडला लावली. स्टँड लागला का नाही हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मग एक जण वळून म्हणाला, "लाल हेल्मेट हाय म्हनं."

आप्पासो गाड्यांच्या मधनं वाट काढत खाली निघाले. मागनं अर्जुना ओरडला, "जावा तुमी आप्पा, मी हाय हितं मागं!"

थोडं गेले आणि त्यांनी सहज मागं पाहिलं. अर्जुना रस्त्याच्या मधोमध उभा होता, चढाकडं पाठ करून, हात वर करून मोबाईलला रेंज शोधत. त्याच्या मागं वळण, आणि वळणापलीकडचं काही म्हणता काही दिसत नव्हतं. वरून येणाऱ्यालाही हे सगळं दिसणार नव्हतं. साखर कारखान्यांचा सीझन. या वेळेला उसाच्या गाड्या एकामागं एक घाट उतरतात, हे आप्पासोंना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या रानातला ऊस तसाच जायचा.

ते जागच्या जागी थबकले. खाली पन्नास-साठ पोरं रस्त्यावर उभी, आणि त्यांच्या पलीकडं कुठं तरी सृष्टी पडलेली. आणि वर हे वळण.

ते मागं फिरले.

"अर्जुना! गाड्या डोंगराच्या अंगाला घ्यायला लाव. समद्या. मानसं रस्त्यावरनं काढ!"

"आवं आप्पा, पोरगी तुमची हाय!"

"म्हाईत हाय मला! सांगतोय ते कर!"

ते चढाला पळत सुटले. वळण ओलांडून वर पोचतात तोच आवाज आला. उसानं भरलेला ट्रक, गिअरमध्ये घुरघुरत उतरणारा. आप्पासोंनी अंगातलं नारिंगी जाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवायला सुरुवात केली. ट्रक दिसला. ड्रायव्हरला आधी वाटलं असावं, कुणी तरी लिफ्ट मागतंय. त्यानं हॉर्न मारला. आप्पासो बाजूला झाले नाहीत. तोंडानं ते काय ओरडत होते ते त्यांना नंतर आठवलं नाही. ब्रेक किंचाळले, ट्रक एका अंगाला कलला, मागचा ऊस ढासळला आणि ट्रक डोंगराकडच्या चरीत चाक घालून उभा राहिला. आप्पासोंच्या तोंडावर गरम वाफ आली इतका जवळ.

ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरला. वळणावरनं खाली डोकावला. "आयला," एवढंच म्हणाला.

तेवढ्यानं संपलं नाही. ट्रकमागं जीप आली, जीपमागं एसटी. आता हा ट्रकसुद्धा आडवा होता. आप्पासो आणखी वर गेले आणि जाकीट फिरवत राहिले. प्रत्येक गाडी थांबली की ते खालच्या अंगाला कान लावायचे. रडणं ऐकू येतंय का, कुणी हाक मारतंय का. वाऱ्याशिवाय काही नाही. तिला हलवलं तर नसेल? हेल्मेट ओढून काढलं तर नसेल कुणी? मानेला मार असला तर? पाणी पाजायला धावतात आपली माणसं. त्यांनी जीपमधल्या एका पोराला खाली पिटाळलं, "सांग, हेल्मेट काढू नका म्हनावं, आनि मला इवून सांग, ती बोलतीय का!" पोरगा गेला तो आलाच नाही.

मग कराडच्या बाजूनं ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. कुणी तरी खाली रेंजमध्ये जाऊन फोन केला असणार. जवळ आला. थांबला. आप्पासो ताठ उभे राहिले. बऱ्याच वेळानं भोंगा पुन्हा सुरू झाला आणि उतारानं लांब लांब जायला लागला. लेक त्या गाडीत होती आणि त्यांनी ती गाडी पाहिलीसुद्धा नव्हती.

पोलीस आले, त्यांनी वळण ताब्यात घेतलं, तेव्हा कुठं आप्पासो खाली आले. डांबरावर काचेचा चुरा होता, आणि बाजूला सृष्टीची गाडी आडवी. साताऱ्याकडच्या एका पोरानं वळणात आतनं घुसताना तिच्या हँडलला धक्का दिला होता. तो पोरगा दगडावर डोकं धरून बसला होता. आप्पासोंनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुढं गेले. आपल्या गाडीपाशी परत आले, तर हातातली किल्ली भोकात बसेना.

"बसा माझ्या मागं," अर्जुना म्हणाला. "असल्या हातानं चालवायची न्हाई गाडी."

कराडपर्यंत आप्पासोंनी त्याच्या खांद्याला घट्ट धरून ठेवलं होतं.

दवाखान्यात संयोगिता दाराशीच उभी होती, राजवर्धनचा फोन आल्या आल्या ती धावत आली होती. "जिवंत हाय," ती पहिल्यांदा तेच म्हणाली. मांडीचं हाड मोडलं होतं. हेल्मेटला एका बाजूनं तडा गेला होता, डोकं शाबूत होतं. राजवर्धननं कुणाला हेल्मेटला हात लावू दिला नव्हता.

सृष्टी डोळे मिटून पडली होती. आप्पासो कॉटशेजारी उभे राहिले. त्यांनी हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

"पप्पा."

"हां."

"तुम्ही आला नाहीत." तिचा आवाज अगदी बारीक होता. "मी सारखी वर बघत होते. ॲम्ब्युलन्सचं दार लावेपर्यंत बघत होते."

"न्हाई आलो," आप्पासो म्हणाले.

"राजवर्धननं सांगितलं सगळं. ट्रकचं. तुमच्या जागी मी असते तर मीपण तेच केलं असतं." डोळ्यांतलं पाणी कानाकडं ओघळलं. "पण मला तुम्ही पाहिजे होता."

"व्हय बाळा."

संयोगितानं स्टूल सरकवलं तसे ते बसले.

"ट्रक थांबलाच नसता तर?" सृष्टीनं विचारलं.

घाटात हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नव्हता. तो आता आला, आणि गुडघे इतके कापायला लागले की त्यांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरले. संयोगितानं ते पाहिलं आणि लेकीला म्हणाली, "गप पड आता. त्यास्नीबी जरा बसू दे."

सृष्टीनं मान वळवली. बराच वेळ ती बापाच्या गुडघ्यांकडं बघत राहिली, मग आईला म्हणाली, "आई, त्यांना पाणी दे."