ताई असं कधीच म्हणाली नाही

मी माईक. ऐकणं हे माझं काम, बोलणं नव्हे. आजवर जो समोर बसला त्याचं निमूट ऐकून घेतलं, उलट शब्द काढला नाही. पण आता पाणी डोक्यावरून गेलंय, म्हणून आज माझं ऐका.

दुकानात माझ्या शेजारी ठेवलेले माईक गाणाऱ्यांच्या घरी गेले. मला नेलं ते पावाच्या कारखान्यातल्या एका बाईने. नव्या कामगारांना मशीनवर कसं काम करायचं ते शिकवणं ही तिची नोकरी. तिथे लहानथोर सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

मला आणायची कल्पना तिच्या धाकट्या भावाची. त्याची नोकरी सुटली होती आणि तो घरात बसून छताकडे बघायचा.

"ताई, तेच तेच शंभरदा शिकवून घसा कोरडा करतेस," तो म्हणाला. "एकदा रेकॉर्ड कर. मी त्याचा ऑनलाइन कोर्स करतो आणि कंपन्यांना विकतो. तुझी नोकरी तुझ्या जागी, हा आपला जोडधंदा."

"चालेल. पण माझी एक अट आहे. आठही धडे पुरते ऐकल्याशिवाय कुणाला प्रमाणपत्र द्यायचं नाही. धडा सोडून पुढे जायचं बटण ठेवायचंच नाही."

"नाही ठेवणार. तुझी शपथ."

अटीचं कारण होतं पाचवा धडा. पीठ मळायचं मशीन साफ करण्याआधी वीज बंद करायची, बटणाला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, साहेबांनी मागितली तरी नाही. ताई नोकरीला लागली त्याच वर्षी तिच्या डोळ्यांदेखत एकाचा हात मशीनमध्ये गेला होता. तो आत हात घालून पीठ खरवडत होता आणि पलीकडून कुणीतरी, काही माहीत नसताना, वीज सुरू केली होती.

आमचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. आवाज घुमू नये म्हणून ताई दोन कोटांच्या मधे डोकं घालून बसायची, अंगावर गोधडी. दर रविवारी दुपारी घामाघूम व्हायची बिचारी. शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून. पाचवा धडा तिने अकरा वेळा म्हटला. तिचा श्वास न् श्वास मी जपून टिपला. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटत होता.

धडे झाले आणि माझा मुक्काम भावाच्या टेबलावर हलला. तो माझ्यातूनच कंपन्यांशी बोलायचा. सगळीकडून एकच रड. "सव्वा तास? आमची माणसं सव्वा तास बसली तर काम कोण करणार? आम्हाला फक्त प्रमाणपत्रं हवीत, तपासणीला दाखवायला." पहिल्या तिघांना त्याने नकार दिला. चौथ्याला म्हणाला, "बघतो साहेब, करून देतो." आणि त्याच दुपारी त्याने 'पुढे' असं एक निळं बटण बसवलं.

मग काय, कोर्स धडाधड खपू लागला. ताईला मात्र सांगायचा, "लोकांना तुझा आवाज फार आवडतो गं." ती लाजायची. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं. मला ओरडावंसं वाटायचं, पण माईकच्या ओरडण्याला विचारतो कोण?

पुढे ताईच्याच कारखान्याने तो कोर्स घेतला आणि तिचे वर्ग बंद केले. तिने हूं की चूं केलं नाही. धडे आपलेच आहेत, मोबाईलवर का होईना लोक ऐकतात, असं तिला वाटलं.

दोन महिन्यांनी ती भावाच्या खोलीत आली आणि उभ्या उभ्याच बोलली. नव्याने लागलेल्या एका बाईची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती. कुलूप घातलं नव्हतं. प्रमाणपत्र होतं, त्यावर ताईची सही होती, आणि सगळा कोर्स चार मिनिटांत संपला होता.

"ती म्हणाली, सुपरवायझरने सांगितलं, पुढे पुढे दाबत जा, शिफ्ट सुरू होतेय. शपथ कुणाची घेतली होतीस रे तू?"

"बटण नसतं तर एकानेही कोर्स घेतला नसता, ताई. धंद्यात एवढं तेवढं चालायचंच."

"माझा आवाज काढून टाक त्यातून. आजच."

"बरं," तो म्हणाला. इतक्या गरीब आवाजात म्हणाला की मीसुद्धा फसलो.

आठवड्याभरात त्याने माझ्याकडून घेतलेलं ताईचं सगळं बोलणं कॉम्प्युटरला शिकवलं. मग तो नुसतं टाईप करायचा आणि ताईचा आवाज यायचा, खोलीत ताई नसताना. दुसऱ्या कुठल्या माईकने टिपला असता तर कदाचित इतका हुबेहूब आला नसता. माझं कसब माझ्याच मुळावर आलं.

काल ताई परत आली. बोटं गेलेल्या बाईने तिला फोन करून विचारलं होतं, "ताई, धडा सोडला म्हणून मला रागावलात, मग नव्या कोर्समध्ये तुम्हीच असं कसं सांगता?" ताईने मोबाईल टेबलावर ठेवून तो कोर्स लावला. तिचाच आवाज, तिचीच ती थांबायची लकब. "वेळ नसेल तर हा धडा सोडून पुढे गेलात तरी चालेल."

तिने ते तीनदा ऐकलं. मग भावाकडे बघून हळूच विचारलं, "मी असं कधी म्हणाले होते का रे?"

तिला स्वतःचीच खात्री वाटेना. 

"म्हणाली असशील," भाऊ म्हणाला. "किती बोललीस, सगळं थोडंच आठवणार?"

ती मान डोलवून निघून गेली.

तुमच्यापैकी कुणाला ती भेटली तर माझा एवढा निरोप द्या. नाही म्हणाली ती. एकदाही नाही. मी प्रत्येक वेळी तिच्यासमोर होतो.