शेवंताच्या पाठीवरचं खोगीर

मित्रांनो, जरा वर बघा, ओसरीतल्या खुंटीकडे. हो, मीच बोलतोय, एक जुनं खोगीर. माझं चामडं तडकलंय, गोंडे उंदरांनी नेलेत, पण ऐट काही गेलेली नाही.

पाटोद्याच्या सटवा कारागिराने मला शिवलं. आत कापूस ठासला, वर लाल मखमल, कडेने पितळी फुलं. नेकनूरच्या राधाकिशनने मला विकत घेऊन शेवंता या पांढऱ्या घोडीवर चढवलं. काय पाठ होती तिची! गोल, ऊबदार, सायीसारखी मऊ. मी असा चपखल बसलो, जणू आमचं माप एकत्रच घेतलं होतं.

राधाकिशन बाजारोबाजार कापड विकायचा. गाठोड्यासकट त्याला शेवंताच न्यायची. शिवाय गावातला प्रत्येक परण्या तिच्यावरच निघायचा. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाने घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जाणं. पुढे वाजंत्री, मध्ये आम्ही दोघं आणि माझ्यावर घामाघूम झालेला नवरदेव. भल्याभल्यांची थरथर मी पोटात ठेवली आहे. नावं सांगणार नाही.

मग काळ्यापिवळ्या जीपा आल्या, घरोघरी रंगीत टीव्ही आले. राधाकिशनने बसस्टँडजवळ दुकान टाकलं. शेवंताकडे लग्नसराईचं काम तेवढं उरलं. ती म्हातारी होत होती. एकदा खाली बसली की तिला उठता येईना. मग शेजारी बांबू घेऊन यायचे आणि तिला उचलून उभी करायचे.

"आता हिला मोकळी कर," लोक म्हणायचे. राधाकिशनने मात्र स्वतःपुरता एक नियम केला होता. माझा तंग, म्हणजे घोडीच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्या दिवशी नेहमीच्या भोकाच्या आत घ्यावा लागेल, त्या दिवशी शेवंता थकली असं मानायचं. दरवेळी तो तंग आवळायचा आणि खूश व्हायचा.

"बघ, भोक तेच हाय. घोडी आपल्यापरीस धडधाकट हाय."

त्याची बायको बायनाबाई काहीच बोलायची नाही. बोलणार तरी काय? शेवंताच्या पाठीची हाडं वर आली, तसतशी ती माझी शिवण उसवून आत चिंध्या भरत होती. हाडांना टोचू नये, एवढाच तिचा हेतू. घोडी वाळत गेली आणि मी फुगत गेलो. त्यामुळे तंग नेमका जुन्याच भोकाला लागायचा. 'खोगीरभरती' हा शब्द तुम्ही शाळेत पाठ करता, मी तो सोसलाय.

एके दिवशी कल्याणराव पाटील धाकटा पुतण्या अंगद याच्या लग्नाचं सांगायला आले.

"राधाकिशन, थोरल्याचा परण्या शेवंतावर निघालता. अंगदबी तिच्यावरच बसल."

"बसू द्या की. पर अंगद थोरल्याच्या दुप्पट हाय, पाटील."

"तुझी घोडी कुठं तक्रार करती?"

दोघं हसले. बायनाबाई हसली नाही. तिने मला खुंटीवरून उतरवलं, त्या दोघांसमोर बसली आणि विळ्याने माझी शिवण कापली. एकेक चिंधी बाहेर यायला लागली. मुलीचा लहानपणीचा फ्रॉक, पोत्याचे तुकडे, फाटकं धोतर.

"हे धोतर मी कवापासून हुडकायलोय," राधाकिशन म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं.

बायनाबाईने रिकाम्या झालेल्या मला शेवंताच्या पाठीवर ठेवलं. राधाकिशनने तंग ओढला. नेहमीचं भोक गेलं, आतलं गेलं, शेवटचंही गेलं. तरी तंग लोंबतच राहिला. त्याने माझ्याखाली हात घातला. तो हात किती वेळ हलला नाही.

"कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी पट्ट्याकडं बघायचा. तिच्याकडं बघितलं असतं तर सांगावं लागलं नसतं." मग तिचा आवाज खाली आला. "आन् मलाबी वाटायचं, ही लग्नसराई तरी निघल."

कल्याणरावांनी टोपी नीट केली. "अंगद चालत जाईल मारुतीला. पाय हायती त्याला."

दुसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी शेवंताचे दात बघितले, गुडघे चाचपले. "ती आता बसायला घाबरते. उभ्या उभ्या थकून गेलीय. परत बसली की माणसं गोळा करू नका, मला बोलवा. मी तिला शांत झोपवीन."

राधाकिशनने मला परत ओसरीतल्या खुंटीवर टांगलं.

थोड्याच दिवसांनी, सकाळी सकाळी, शेवंता लिंबाखाली बसली. सवयीने शेजारी बांबू घेऊन धावत आले. मला इथून सगळं दिसत होतं. राधाकिशन तिच्याकडे बघत उभा राहिला. एक शब्द बोलला असता तरी तिला पुन्हा उभं केलं असतं.

"बांबू खाली ठेवा," तो म्हणाला. "डॉक्टरला फोन लावा."

मग तो खाली बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बायनाबाईने गूळ कालवून आणला. शेवंताने तो चाटला. कितीतरी दिवसांनी ती बसली होती आणि तिला कोणी उठवत नव्हतं. डॉक्टर येईपर्यंत तिने डोळे मिटलेसुद्धा होते, नुसत्या आरामाने. त्यांनी सुई टोचली, तेव्हा ती जागीही झाली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं म्हातारं जनावर असेल, तर त्याची झूल बाजूला करून पाठीवरून उघडा हात फिरवा. हाताला लागेल ते खरं माना. आणि हात लगेच मागे घेऊ नका.