अट पुरी झाली

अमेरिकन सिनेटच्या तळघरातल्या खानावळीत रोज घेवड्याचं सूप असतं. का, ते कुणाला धड सांगता येत नाही. कधीकाळी कुणा सिनेटरला आवडायचं म्हणे, तेव्हापासून ते शिजतंच आहे. नोरीन हॅलोरनला ते मुळीच आवडत नसे. पण दोन्या तोमासा यायची त्या दिवशी ती मुद्दाम तेच घ्यायची, कारण ते चाखून नाक मुरडण्यात तोमासाला फार सुख होतं.

"एवढ्या मोठ्या देशात घेवड्यात घालायला एक मिरची मिळू नये का गं, पोरी?" असं ती दर वसंतात विचारी, आणि नोरीन म्हणे, "मिरचीला इथे बहुमत मिळत नाही, दोन्या तोमासा."

तोमासा मध्य अमेरिकेतल्या एका डोंगरी खेड्यातली; तिकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात. तिचा मुलगा इसिद्रो शाळामास्तर होता. गावाच्या नदीवर खाणवाले बसले तेव्हा त्याने सभा घेतल्या, आणि एका पहाटे लष्कराने त्याला घरातून उचललं. तो मिळाला तो घळीत. त्या लष्कराची हेलिकॉप्टरं अमेरिकेच्या पैशावर उडत, म्हणून चर्चची मंडळी तोमासाला दरवर्षी वॉशिंग्टनला आणत. छातीवर पिनेने इसिद्रोचा फोटो लावून ती कचेरीमागून कचेरी फिरे. बहुतेक दारांत तिला पाण्याची बाटली आणि हळहळ मिळे. नोरीनच्या दारात तिला अट मिळाली.

नोरीन सिनेटर प्रुएट यांच्या समितीत परदेशी मदतीच्या विधेयकाचं काम बघे. तरुणपणी ती तोमासाच्याच मुलखात शाळा शिकवून आली होती, त्यामुळे स्पॅनिश तोंडात होती आणि पोटात माया. कलम तिनेच लिहिलं: त्या लष्कराला द्यायच्या पैशातला निम्मा रोखून धरायचा, आणि इसिद्रोच्या खुनाबद्दल शिक्षा झाली असा दाखला अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी दिला, तरच सोडायचा. वर्षं गेली. त्या देशाचे राजदूत दोनदा रुसले. पैसा रोखलेलाच राहिला.

आणि या वसंतात दाखला आला. शिक्षा झाली होती. एका सैनिकाला, तीस वर्षं.

नोरीन बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली, तोंड धुतलं आणि खाली खानावळीत जाऊन लिंबाचा केक नि नेहमीचं सूप घेऊन बसली.

तोमासा आली तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक बाई होती. किडकिडीत, फिदेलिया नावाची, विमानात दिलेलं पांघरूण अजून खांद्यावर असलेली. गावची सोबतीण असणार, असं नोरीनला वाटलं. तिने आधी तोमासाला मिठी मारली, मग त्या भरात फिदेलियालाही. म्हणाली, आपण जिंकलो. तुम्ही जिंकलात. तिने केक कापला आणि पहिला तुकडा पाहुणीच्या हातात ठेवला.

फिदेलियाने तो तुकडा तसाच धरून ठेवला. साखरेचा मुलामा तिच्या बोटांवर वितळायला लागला.

"पोरी," तोमासा म्हणाली, "ती बेतोची आई आहे."

नोरीनला नावाचा संदर्भ लागला नाही. दाखल्यात शिक्षा झालेल्या सैनिकाचं नाव नॉर्बेर्तो असं होतं.

मग तोमासाने सांगितलं. आवाज न चढवता, बाजारहाटाचं सांगावं तसं. बेतो त्यांच्याच गल्लीतला, इसिद्रोच्याच शाळेत शिकलेला. घरी खायला नव्हतं म्हणून लष्करात गेला, तिथे ट्रक धुवायचा. इसिद्रो घळीत आहे हे सबंध गावाला ठाऊक होतं, सांगायला तोंड कुणाचं उघडत नव्हतं. बेतो रजेवर आला, तोमासाचा हात धरून तिला तिथवर घेऊन गेला आणि आपला शर्ट काढून इसिद्रोवर घातला. इतक्या वर्षांनी लष्कराला खुनी हवा झाला. घळीची जागा ठाऊक असलेला एक पोरगा त्यांच्याकडे होताच.

"आणि हुकूम देणारा कॅप्टन?" नोरीनने विचारलं.

"कर्नल झालाय."

नोरीनला एक खोली आठवली. दोन्ही सभागृहांच्या विधेयकांचा मेळ घालायचा, तर सिनेटर मंडळी नसतात तिथे. मेळ घालतात त्यांची माणसं, शिळे डोनट खात. एक शब्द सोडायचा आणि कलम वाचवायचं, ही तिथली रीतच. नोरीनने लिहिलं होतं, हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यांना शिक्षा. पलीकडच्या सभागृहातल्या टकरने पेन्सिल कानावर अडकवत म्हटलं होतं, "बाई माझे, अधिकारी तेवढे सोड. शिक्षा ठेव. निम्मा पैसा रोखायला मी माझ्या लोकांना राजी करतो. एवढं आजवर कुणाला मिळालंय?" कुणालाच मिळालं नव्हतं. तिने तो शब्द खोडला आणि घरी जाताना गाडीत गाणं म्हटलं.

दोघींना तिथेच बसवून ती वर सिनेटर प्रुएटांकडे गेली. एक वाट अजून होती. कायद्यात ती कुठेच लिहिलेली नाही, पण समितीच्या अध्यक्षाने नुसता फोन करून थांबा म्हटलं, तर परराष्ट्र मंत्रालय दाखला असूनही पैसा सोडत नाही. एवढा मान राखतात. तेवढा एक फोन करा, ती म्हणाली. पोरगा सुटेपर्यंत.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.

"नोरीन, आपण काय मागितलं होतं?"

"शिक्षा."

"त्यांनी दिली. आता मी म्हटलं की ही नको, दुसरी आणा, तर उद्या आपल्या अटीला धूप कोण घालील? अजून चार देशांत चार आया अशाच अटींवर बसल्यात. त्या अटी तूच लिहिल्यास."

"तो निर्दोष आहे."

"असेल. तू म्हणतेस म्हणजे आहेच. मी पत्र लिहीन, कडक लिहीन."

पत्रांचं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती उभीच राहिली. तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली. सिनेटर उठले, जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. तिला वाटलं, रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

खाली सूप थिजलं होतं. नोरीनने दोघींना सांगितलं: लष्कराला पैसा जाणार, पत्र निघणार. मिरचीचा विनोद तिला सुचला नाही, तोमासानेही विषय काढला नाही. तिने विचारलं एवढंच, "मग पुढल्या वर्षी बेतोसाठी लिहिशील?"

"लिहीन," नोरीन म्हणाली. त्यातलं काय खोडावं लागेल, ते तिला आत्ताच दिसायला लागलं होतं.

तोमासाने मान हलवली. फिदेलियाच्या हातातला केक काढून बशीत ठेवला, तिची बोटं आपल्या शालीच्या टोकाने पुसली. मग स्वतःच्या छातीवरची पिन सोडली. इसिद्रोचा फोटो रुमालात गुंडाळून पिशवीत गेला. फिदेलियाच्या पिशवीतून तिने बेतोचा काढला. त्यात तो शाळेच्या गणवेशात होता. त्याच पिनेने तो फिदेलियाच्या पोलक्यावर लावताना ती तिला हळू आवाजात समजावत होती.

"जरा वर लावायचा. इथली माणसं बसत नाहीत, उभ्याउभ्याच बघतात."