न्यायला कोण आलं?

"तुम्हाला न्यायला कोण आलं होतं?"

कोकिळेनं इंग्रजीत विचारलं आणि पुण्याच्या प्राध्यापकबाई खुदकन हसल्या.

लोणारच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात समोर जर्मनीहून आलेल्या हिल्डाबाई बसल्या होत्या. नुकत्याच झालेल्या नव्या राज्यात पर्यटन वाढावं, म्हणून परदेशी पाहुणे एवढ्या लांब यायचं कसं ठरवतात, हे प्राध्यापकबाईंना समजून घ्यायचं होतं. खामगावला वर्षभर कॉलेज केलेली कोकिळा त्यांच्या मदतीला. "घाई करायची नाही. माणूस मनातलं बोलेपर्यंत बसायचं," एवढं त्यांनी शिकवलं होतं.

"अगं, यांना न्यायला कोण येणार? तिकीट काढलं, निघाल्या!" प्राध्यापकबाई मराठीत म्हणाल्या.

कोकिळा ओशाळली. सासरहून निघायचं तर माहेरचा मुराळी न्यायला यावा लागतो. बाईमाणूस दुसरं कसं निघतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

हिल्डाबाई मात्र विचारात पडल्या. "कुणीच नाही. नवरा नेईल म्हणून वाट पाहिली. तो वारला. मग मीच पेटी भरली."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. स्टेशनवरून एकदा परत आले."

संध्याकाळी लेकीला मांडीवर थोपटत कोकिळा नवऱ्याला म्हणाली, "आखाजीच्या सणाले मी माहेरी जाऊन राह्यली."

"इंद्रभान येऊन राह्यला काय न्यायले?" दयारामनं विचारलं.

"वावराच्या वाटणीपासून कवा आला माहा भाऊ?"

"मंग बिनबोलावता जाशीन? लोक म्हनतीन, भावानं टाकली."

"टाकलीच हाये. मायच्या डोयाले दिसेनासं झालं. या पोरीचं तोंड तिनं कवा पाहावं?"

"मेमसायबीनीनं शिकवलं वाटते!"

"हाव. शिकवलं."

दयारामनं लेकीचं पांघरूण सारखं केलं. म्हणाला, "पोरीची टोपडी घेजो. एसटीत वारा लागते."

आखाजीला माहेरी, पिंपळगाव राजाला, वाटणीनंतर मागच्या खोलीत एकटी राहणाऱ्या आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. नातीच्या नाकाडोळ्यांवरून हळूहळू बोटं फिरवली. मग चाचपडत आत जाऊन पाण्याचे दोन पेले आणले. एक लेकीच्या हाती दिला. दुसरा तिच्या मागं, रिकाम्या वाटेकडं धरला.

"घ्या, पानी घ्या. कोन आलं वं संगं?"

"कोनी नाही, माय. मीच आली."

आईचा हात तसाच राहिला.

कोकिळेनं आपला पेला रिकामा केला. मग आईच्या हातातला तो दुसराही घेतला, आणि उभ्यानंच, घोट घोट करत सगळा प्याली.