वहिवाटीच्या उत्तराचे गुण

शर्मिला परब कुडाळजवळच्या एका विधी महाविद्यालयात मालमत्ता कायदा शिकवत. त्या वर्षी विद्यापीठाने त्यांना पुनर्मूल्यांकनाला बोलावलं. उत्तरपत्रिकांवर नाव-गाव नाही, नुसता सांकेतिक क्रमांक. पहिल्या परीक्षकाचे गुणही झाकलेले.

जेवणानंतर एक उत्तरपत्रिका वाचताना त्या थबकल्या. वहिवाटीच्या हक्काचं उदाहरण होतं शिरोड्याच्या माडांतून किनाऱ्यावर उतरणाऱ्या पाणंदीचं. नव्या मालकाने आडवा दगडी गडगा घातला, तर किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकरांनी जायचं कुठून? हे उदाहरण त्यांच्याच वर्गातल्या दिव्याचं. या वाटेवरून ती वर्गात तावातावाने भांडली होती, कारण तिच्याच घरचे रापणकर त्या वाटेने जात-येत.

उत्तर वाचून मॅडमच्या मनात गुण ठरलेसुद्धा. चांगले, पास करणारे. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि उत्तरपत्रिका घेऊन केंद्रप्रमुख सावंतसरांकडे गेल्या.

"सर, ही माझ्या विद्यार्थिनीची आहे. दुसऱ्या कुणाला द्या."

"वर नाव आहे का?"

"नाही. पण मी ओळखली."

"मग विसरा आणि तपासा. गठ्ठे किती पडलेत बघताय ना?"

"विसरता आलं असतं तर उठून आले नसते, सर."

सावंतसरांनी कुरकुरत ती दुसऱ्या टेबलावर धाडली.

निकाल लागला. दिव्याचे गुण वाढले, पण पास व्हायला दोन कमीच पडले. दिव्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन थेट मॅडमच्या घरी आली. डोळे सुजलेले. मॅडमनी तिला घरापुढच्या खळ्यात बसवलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं.

दिव्याने झेरॉक्सवरचे गुण पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाली, "म्हणजे तुमी पेपर तपासलो असतो, तर माका ते गुण गावले असते?"

"गावले असते गो."

ती झेरॉक्स तिथेच टाकून तरातरा निघून गेली.

मॅडमनी ती उचलून पुन्हा वाचली, या वेळी अगदी सावकाश. वाट होती, गडगा होता, रापणकर होते. पण ती वाट वीस वर्षं, उघडपणे आणि अखंड वापरात असावी लागते, हे मात्र कुठेच नव्हतं. दिव्या ते वर्गात बोलली होती. त्या दिवशी मॅडमनी वाचलं होतं ते तिचं बोलणं. कागदावर ते उतरलंच नव्हतं. दुसऱ्या टेबलावरच्या परीक्षकाने नेमके त्याचेच गुण कापले होते. मॅडमना स्वतःचीच भीती वाटली.

पुढचा आठवडाभर दिव्या वर्गात आली, पण मान वर केली नाही. शेवटी मॅडमनीच तिला थांबवून ती रिकामी जागा दाखवली. दिव्याने उत्तर दोनदा वाचलं.

"ह्यां माका म्हायत होतां," ती पुटपुटली.

"मलाही माहीत होतं, तुला माहीत आहे ते. म्हणूनच मला ते दिसलं नाही."

दिव्या पुढच्या परीक्षेला पुन्हा बसली आणि पास झाली. पेपर कुणी तपासला, ते दोघींनाही कळलं नाही.